येळवशीला पावणेचार वाजता

शनिवारी लीग सुरू झाली. पहिली मॅच कोलकात्यात होती, भुवीची दुसऱ्या दिवशी गोव्यात. आमच्या माकणीच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर मी सकाळीच खडूनं लिहून ठेवलं होतं : 'महिलांची व्यावसायिक फुटबॉल लीग. रविवार, दुपारी चार. भुवनेश्वरी, क्रमांक बावीस.' त्याखाली 'आपल्या गावची खेळाडू' असं लिहिलं आणि फुशारकी वाटेल म्हणून पुसून टाकलं. थोड्या वेळानं पुन्हा लिहिलं.

भुवी माझी नात. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त बाहेर असल्यामुळे ती लहानाची मोठी माझ्याकडेच झाली. मॅचचे पास दोनच होते, ते आईबापांना मिळाले, आणि ते योग्यच होतं. माझे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हतेच. असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. वाचनालयात मी एकटाच होतो, तरी उठून कपाटाच्या आडोशाला गेलो.

"अज्जा, उद्या येळवस ना? तुम्ही माणिकतात्यांच्या रानात असाल ना?"

मी हो म्हणालो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवायला जातं. ज्याचं रान नाही त्याला कुणीतरी आवतन देतं. माझं रान नाही. गेली कित्येक वर्षं मला माणिकप्पाचं आवतन असतं.

"मग ऐका. मॅच चारला आहे, पण पावणेचारला आमचं बोलणं दाखवणार आहेत. प्रत्येकीचं एकेक मिनिट. मी तात्यांबद्दल बोललेय. त्यांच्याकडं साधा फोन आहे, म्हणून तुम्ही त्यांना पावणेचारला तुमच्या फोनसमोर बसवा. काय बोललेय ते सांगू नका, बरं का."

मी विचारलं, "एक मिनिट पुरतं का?"

ती हसली. पुरतं म्हणाली. मला जे विचारायचं होतं ते हे नव्हतं.

त्या रात्री मी बराच वेळ एका मिनिटाचा हिशेब करत राहिलो. सावकाश बोललं तरी एका मिनिटात शंभर शब्द बसतात. शंभर शब्दांत दोन म्हातारे सहज मावतात. पण ती म्हणाली होती, तात्यांबद्दल.

माणिकप्पानं काय केलं हे मला माहीत नव्हतं असं नाही. भुवी आठ वर्षांची असताना तिचा चेंडू त्याच्या हरभऱ्यात गेला आणि चेंडूमागं तीही. माणिकप्पा चाबूक घेऊन मागं लागला. ती पळाली ती अशी, की तो बांधावर उभा राहून नुसता बघत राहिला. पुढच्या वर्षी त्यानं विहिरीकडचा अर्धा एकर पेरला नाही. गावानं त्याला वेड्यात काढलं. त्यानं बाभळीचे चार खांब रोवून दोन्हीकडं गोल केले. बस्स. फुटबॉलमधलं त्याला आजही काही कळत नाही. गोल झाला की दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवतो.

आणि मी? मी सोलापूरहून नियमांचं इंग्रजी पुस्तक मागवलं. शब्दकोश घेऊन बसलो. चाळीस पानी वही भरून सगळे नियम मराठीत उतरवले. ऑफसाइड समजावताना ताटात हरभऱ्याचे दाणे मांडले, एक दाणा चेंडू, बाकीचे खेळाडू. रोज संध्याकाळी ती धुळीनं माखून यायची आणि मी तिला एक नियम वाचून दाखवायचो. वाचतानाच ती पेंगायची.

पुढं पुण्याच्या शिबिरात थ्रो-इनच्या, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकण्याच्या वेळी ती हात वर करून 'ऑफसाइड, ऑफसाइड' म्हणत उभी राहिली आणि सगळ्या पोरी हसल्या. थ्रो-इनला ऑफसाइड नसतो. ती ओळ माझ्याकडून उतरवायची राहिली होती. भुवी घरी आल्यावर हसत हसतच सांगत होती, पण त्यानंतर वही तिच्या पिशवीत दिसली नाही. मी ती कपाटात ठेवली. अजून आहे.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी रानात पोचलो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारलेली होती, तिच्यावर माणिकप्पाच्या बायकोची, गंगम्मावहिनींची हिरवी शाल. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. माणिकप्पानं नेहमीसारखं माझ्या हातात आंबिलीचं मडकं दिलं. तो पुढं ज्वारीवर आंबील शिंपत चालला, मी मागं मडकं धरून. हा मान दरवर्षी माझा असतो. एरवी मला त्याचा आनंद होतो. त्या दिवशी मला वाटलं, मी कायम याच्या मागंच मडकं धरून चालत आलो आहे.

"मास्तर, आज गप गप हाय," तो म्हणाला. मी मास्तर कधीच नव्हतो, वाचनालयात पुस्तकं देत होतो. पण त्याच्या लेखी पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक जण मास्तर. "पोरीची काळजी लागली का? मॅच किती वाजता हाय?"

"चारला," मी म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं. ते मी स्वतःला दोनदा सांगितलं. पुढं बोलायला तोंड उघडलंही, तेवढ्यात तो पुढच्या ओळीत गेला, आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

जेवायला पंधरा-वीस माणसं होती. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. सगळे भुवीबद्दल बोलत होते आणि बोलताना माणिकप्पाकडं बघत होते. कुणी म्हणालं, या अर्ध्या एकरात तुमी पोरगी पिकवली तात्या. मोठा हशा झाला. मीही हसलो. मी हसताना कसा दिसलो असेन कोण जाणे.

साडेतीनला माणिकप्पा उठला. पाहुण्यांना धरणाचं पाणी कुठवर आलंय ते दाखवून येतो म्हणाला. "चारच्या आत येतो. तुमी फोन तयार ठेवा."

मी मान हलवली. अडवायला एक शब्द पुरला असता. तो बांध ओलांडून चालला होता, धोतराचा सोगा हातात धरून, मागं पाचसहा माणसं. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि मग विहिरीजवळच्या उंचवट्यावर जाऊन बसलो. त्या रानात रेंज तेवढ्याच जागी येते.

पावणेचारला एकेक मुलगी बोलू लागली. भुवी पाचवी. केस घट्ट बांधलेले, अंगात पिवळा शर्ट. ती मराठीतच बोलली, खाली हिंदीत अक्षरं येत होती. मी फोन कानाजवळ नेला, मग डोळ्यांजवळ, मग पुन्हा कानाजवळ.

'आमच्या गावात मैदान नव्हतं. माणिकतात्यांचं रान होतं. नऊ वर्षं त्यांनी अर्धा एकर माझ्यासाठी पेरला नाही. दर पावसाळ्यानंतर ते बैलांना फळी जुंपून जमीन सपाट करायचे आणि राहिलेली ढेकळं हातानं फोडायचे, माझा पाय मुरगळू नये म्हणून. मला खेळाडू कुणी केलं असं विचारलं, तर मी एकच नाव सांगते. माणिकतात्या, बघताय ना?'

पन्नासेक शब्द. अर्धं मिनिट शिल्लक राहिलं होतं. त्यात ती नुसती हसत होती.

ढेकळांचं मला माहीत नव्हतं. मी विहिरीकडच्या त्या जमिनीकडं बघितलं. भुवी गाव सोडून खेळायला गेली त्याला चार वर्षं झाली, खांब अजून उभे आहेत आणि जमीन अजून सपाट आहे. हे मी इतक्या वेळा तिथं येऊनही पाहिलं नव्हतं.

पाहिलं, आणि तरीही मला वाईट वाटलं ते माझंच. एकच नाव. इतकी वर्षं वाचून दाखवलं त्याचं काहीच नाही. आणि लगेच दुसरा विचार आला : वाचून दाखवलं होतं ते तिच्यासाठी, की ऐकणारं कुणीतरी मिळालं म्हणून? या विचारानंही मत्सर कमी झाला नाही. उलट त्यात लाज मिसळली, एवढंच.

चारला सगळे परत आले. निकितानं, म्हणजे गंगम्मावहिनींच्या भाचीनं, माझा फोन घेऊन उंचवट्यावर उलट्या घमेल्याला टेकवून ठेवला. ती उमरग्याला कॉलेजात असते, तिला या गोष्टी जमतात. माणिकप्पा अगदी पुढं बसला. राष्ट्रगीत झालं तेव्हा उभा राहिला, म्हणून आम्हीही राहिलो.

भुवी पहिल्यापासून मैदानात होती. विसाव्या मिनिटाला आमच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि रेषेकडं घरंगळत निघाला. भुवी कुठून आली कळलं नाही. तिनं घसरत जाऊन तो बाहेर काढला. पडद्यावर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. समालोचक हिंदीत बोलत होता. त्याच्या बोलण्यात एक नाव आलं, जरा वेगळ्या उच्चारात, पण स्पष्ट. माणिकतात्या.

निकितानं कान टवकारले. "तात्या, तुमचं नाव घेतलं त्यांनी. म्हणत्यात, शेतकऱ्याच्या रानात हे शिकली, असं तिनं मघाशी सांगितलं." मग ती माझ्याकडं वळली. "अज्जा, मघाशी काही दाखवलं का? फोन तुमच्याकडंच होता ना?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं फिरली. मी चष्मा काढून पुसला. हो म्हणालो, पावणेचारला दाखवलं. भुवीनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, तात्यांना बसवा म्हणून.

"मग हाक का न्हाय मारली?" माणिकप्पानं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मारली नाही," मी म्हणालो.

गंगम्मावहिनींनी आंबिलीचा पेला माझ्यापुढं सरकवला. "प्या. गळा बसला आसंल तुमचा."

निकिता फोनवरचं चित्र मागं नेऊन बघत होती, पण तसं काही होईना. ती म्हणाली, उद्यापर्यंत कुणीतरी टाकंल ते, तेव्हा बघू.

"उद्याचं उद्या," माणिकप्पा म्हणाला. "मास्तर, तुमी ऐकलंय न्हवं? तुमी सांगा. तुमच्या ध्यानात ऱ्हातं सगळं."

मी जन्मात कधी चार माणसांसमोर उभा राहून बोललो नाही. बसूनच सांगू लागलो. वाचलेलं, ऐकलेलं माझ्या ध्यानात राहतं हे खरं आहे. आमच्या गावात मैदान नव्हतं, मी म्हणालो. माणिकतात्यांचं रान होतं. तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमानं. ढेकळांपाशी गंगम्मावहिनींनी डोळ्याला पदर लावला. माणिकप्पा स्वतःच्या तळहातांकडं बघत होता. पुढचं वाक्य आलं. मला खेळाडू कुणी केलं असं विचारलं, तर मी...

"तर मी तात्यांचं नाव सांगते," मी म्हणालो.

आणि शेवटचंही सांगितलं. माणिकतात्या, बघताय ना?

तो घमेल्याला टेकवलेल्या फोनकडं बघून म्हणाला, "बघतोय की." तिथं तेव्हा भुवी नव्हती, दुसऱ्याच कुणाला पिवळं कार्ड मिळत होतं.

मॅच एक-एक अशी सुटली. माणिकप्पानं दोन्ही गोलांना टाळ्या वाजवल्या. पाहुणे निघताना त्याच्या पाया पडून गेले, दोघातिघांनी त्याच्यासोबत फोटो काढले. एकानं मला फोटो काढायला सांगितलं. मी काढला.

दिवस मावळायला आला तसा माणिकप्पानं कडब्याची पेंढी पेटवली. येळवशीला शेवटी ती पेटती पेंढी घेऊन रानाला फेरी घालायची असते. तो पुढं, मी मागं. मोठा बांध संपेपर्यंत मी बोललो नाही. उद्या ते बोलणं निकिताच्या फोनवर येणार होतं आणि तो शब्द सगळे ऐकणार होते. पण खरं सांगायचं तर मी त्या भीतीनं बोललो की दुसऱ्या कशानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"माणिकप्पा, मघाशी सांगताना एक शब्द मी गाळला."

तो चालतच राहिला. "कोणचा?"

"एकच. मी एकच नाव सांगते, असं म्हणाली ती. तुमचं."

जाळ त्याच्या हाताजवळ आला होता. त्यानं पेंढी खाली टेकवून पुन्हा नीट धरली. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि मला पुढच्या वर्षी आवतन नसेल.

"पोरगी हाय अजून," तो म्हणाला. "मोजायला शिकंल."

आणि पुढं चालू लागला. मी त्याच्या मागं, धूर चुकवत. मला बरं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण विहिरीकडच्या त्या मोकळ्या जमिनीला वळसा घालेपर्यंत मी एवढाच विचार करत होतो, की आयुष्यभर पुस्तकांत बसलो मी, आणि असं वाक्य सुचलं ते याला.