चौदा नंबरचं झाकण

जुन्या बराकीत सगळा जन्म गेला, पण चौदा नंबरच्या खोलीत बखिताला शांत झोप म्हणून कधी लागली नाही. खोली तिचीच. तेरा आणि चौदामधली भिंत तिनंच पाडून घेतली होती.

पलटण कायमची निघून गेली त्या साली सरकारी कारकून खडू घेऊन आला. राहत्या खोलीवर आकडा, रिकाम्या खोलीवर फुली. फुलीची खोली मग लाइनीतल्या दुसऱ्या कुणाला मिळायची. दुखवट्याला गावी जायचं असलं की बराकीतली बाई दाराला ताटावरचं विणलेलं झाकण टांगून जायची, म्हणजे मी परत येणार आहे, चूल माझीच आहे. शेजारच्या चौदा नंबरातली झमझम, लढाईत नवरा गेलेली, आई वारल्याच्या चाळिसाव्या दिवसासाठी गावी, अरुआला, गेली होती. तिचं लाल-काळं झाकण दारावर होतं. आणि इकडे तेरा नंबरात बखिताकडे एका खोलीत सहा पोरं, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपणारी! कारकून अकरा नंबरला पोचला, तशी बखितानं ते झाकण खिळ्यावरून काढलं नि पेटीत कोंबलं. बस्स, एवढंच. एवढंच कसलं, मेलं!

झमझम परतली तेव्हा तिच्या दारावर फुली नि मधल्या भिंतीला भगदाड पडलेलं. "माझं झाकण गं?" तिनं विचारलं.

"वाऱ्यानं नेलं असेल, बाई," बखिता म्हणाली.

झमझमनं दोन लेकरं नि एक पातेलं उचललं आणि चालती झाली. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याला चाळीस वर्षं झाली. आणि आज सकाळी झमझमची धाकटी लेक नफिसा दारात उभी.

"मावशी, आई गेली. उद्या चाळिसावा. तिच्यासाठी दुवा चौदा नंबरात व्हावी, अशी तिची इच्छा होती. देशील का खोली?"

"अगं, विचारतेस काय!" बखिता म्हणाली.

"आई म्हणायची, अख्ख्या लाइनीत बखिताच तेवढी आपली. वाऱ्यानं घर नेलं, त्याला ती बिचारी काय करणार?"

दुपारभर बखिता पेटीसमोर बसून राहिली. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? जुन्यांतला एक फदलमुला म्हातारा उरलेला, त्यालाही धड दिसत नव्हतं. नफिसाच्या नजरेत ती 'आपली'च राहिली असती. पण मेलेल्या बाईला पुन्हा फसवायचं?

दुसऱ्या दिवशी माणसं जमली तर चौदा नंबरच्या दाराला लाल-काळं झाकण टांगलेलं. फदलमुलानं ते हातानं चाचपलं.

"हे तर झमझमच्या हातचं! कुठं सापडलं गं म्हातारे? वाऱ्यानं परत आणून टाकलं की काय?"

लोक हसले.

"वाऱ्यानं नेलंच नव्हतं," बखिता म्हणाली. "मी काढलं होतं. खडूवाला यायच्या आधी. इतकी वर्षं माझ्या पेटीत होतं."

दुवा शेवटपर्यंत नीट झाली. मग नफिसानं झाकण खिळ्यावरून काढलं, जेवणाच्या परातीवर ठेवलं आणि परात उचलली.

"इथंच वाढ ना, पोरी. खोली तुझीच आहे. आजपासून घे."

"खोली राहू दे, मावशी," नफिसा म्हणाली. "आईनं जन्मभर वाऱ्याला शिव्या दिल्या गं."

ती अंगणात गेली, पाठोपाठ सगळे. बाहेर पंगत बसली, हसणं-बोलणं सुरू झालं. बखिता पाडलेल्या भिंतीच्या जागी उभी होती. तिला कुणी जेवायला हाक मारली नाही.