घड्याळजीकडच्या फेऱ्या

फ्रेमवाल्याच्या दुकानाला बाथरूम नव्हतं. ते होतं शेजारच्या घड्याळजीच्या दुकानामागे. वीस वर्षं दोन्ही दुकानांतली माणसं तेच वापरत आली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

पण दोन महिन्यांपासून फ्रेमवाल्याच्या बायकोच्या फेऱ्या वाढल्या. काच पुसता पुसता ती फडकं टाकायची, "आलेच हं," म्हणायची आणि जवळजवळ पळतच जायची. घड्याळजी विधुर, बोलायला मधाळ, केस अजून काळेभोर. फ्रेमवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यात तिचं अंगही उतरलं होतं. कुणासाठी बारीक होतेय ही? सोमवारी तर भरदुपारी घरी जाऊन साडी बदलून आली. त्या दिवशी त्याच्या हातून पट्टी वाकडी कापली गेली.

"बघ, तुझ्यामुळे झालं."

"माझ्यामुळे? मी इथे होते तरी का?"

"तेच म्हणतोय मी!"

बुधवारी बारा वाजायच्या आत ती चौथ्यांदा उठली, तसा हातोडी ठेवून तोही मागोमाग गेला. पाहतो तर घड्याळजी तिच्या पेल्यात पाणी ओततोय आणि ती घटाघटा पितेय.

"सावकाश प्या, वहिनी."

फ्रेमवाल्याचा पारा चढला. "माझ्या बायकोला पाणी पाजायला तुम्ही कोण?"

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. "दादा, बसा. यांना तहान आवरत नाही, लघवीला धीर धरवत नाही. तुम्हाला सांगा म्हणून आठ दिवस मागे लागलोय. माझ्या बायकोचं असंच सुरू झालं होतं. आम्ही अंगावर काढलं."

बायकोची मान खाली गेली. "सोमवारी इथवर पोचेपर्यंतही निभलं नाही. म्हणून साडी बदलली."

फ्रेमवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सारखी लघवी लागायला कारणं पुष्कळ. जंतुसंसर्ग असतो, चहा जास्त होतो, मूत्राशयच नाजूक होतं, पुरुषांची प्रोस्टेट वाढते. पण तहान आणि उतरलेलं वजन सोबत असलं की आधी साखर बघायची." लघवी तपासली, रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली निघाली. गोळ्या लागल्या, पथ्य लागलं.

घरी जाताना त्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. आणि तुम्ही कुठे विचारलंत? त्यांनी विचारलं."

संशय परवडला, असं ते वाक्य त्याला झोंबलं. आपली बायको आजारी आहे हे आधी परक्या माणसाच्या ध्यानात आलं! दुसऱ्या दिवशी तो आभार मानायला गेला खरा, पण "उपकार झाले" एवढेच दोन शब्द घशातून निघाले, तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून.

महिन्यानं पुन्हा दवाखान्यात गेले. "रात्री किती वेळा उठता?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

तिनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "आधी चारदा उठायची. गेल्या आठवड्यात दोनदा. आता एकदाच, पहाटे. तहानही कमी झालीय."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तो खुर्चीत जरा ताठ बसला. एवढं काही त्या घड्याळजीला ठाऊक नसणार.