आक्का बोलत असताना

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला कुणी सांगायला नको. माझ्या काचेवर ओरखडा पडला आहे आणि पाठीमागची रबरी वाटी इतकी कडक झाली आहे की ती आता गाडीच्या काचेला धड चिकटतही नाही. मी जीपीएसची पेटी आहे. तळहाताएवढी, काळी. रस्ता दाखवणं एवढं एकच काम मला येतं. माझ्यावर गाणी वाजत नाहीत, फोटो निघत नाहीत, फोन येत नाहीत. याची मला कधी लाज वाटली नाही. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे, पण ती गोड आवाजात सांगेन अशी आशा धरू नका. मी रागावलेली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात देशोदेशीचे रस्ते भरले आणि गळ्यात एका बाईचा आवाज बसवला. मग खोक्यातून, बोटीतून, ट्रकमधून मी कोइमतूरच्या एका दुकानात येऊन पडले. तिथून मला लालासाहेबांनी विकत घेतलं. ते मूळचे विट्याचे. विट्याकडची कितीतरी माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्यांना गलाईवाले म्हणतात. लालासाहेबही त्यांतलेच. दरवर्षी गावच्या यात्रेला ते बायको हरणाबाई आणि लहानग्या अंकिताला गाडीत घालून कोइमतूरहून विट्याला यायचे.

त्या प्रवासात माझा काय मान होता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. सेलम, कृष्णगिरी, बंगळूरचा वळसा, हुबळी, बेळगाव. वाटेत कुणाची भाषा कळायची, कुणाची नाही. मी मात्र एकाच आवाजात सांगत राहायची. मी इंग्रजीत बोलायची, पण हरणाबाईंना माझं सगळं कळायचं. त्यांनीच माझं नाव आक्का ठेवलं. "आक्का बोलताना गप बसायचं," असा त्यांनी गाडीत नियमच केला होता. मी बोलू लागले की बाप आणि लेक दोघंही गप्प. अंकिता मागच्या सीटवर उभी राहून माझ्यामागून माझे शब्द म्हणायची, तेवढी तिला सूट होती.

लालासाहेबांचा फोन तेव्हा हरणाबाईंच्या मांडीवर असायचा. तो वाजला की त्या उचलायच्या आणि म्हणायच्या, "ते गाडी चालवत्यात. थांबलो की करतो." पलीकडचा माणूस ते ऐकून घ्यायचा. त्यात कुणाचा अपमान होत नव्हता. माझं काम मी करत होते, फोनचं काम हरणाबाई करत होत्या. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते इथेच बिघडलं.

कोल्हापूर मागे पडलं की लालासाहेब माझ्याकडे बघून हसायचे. "आक्का, आता तू झोप," म्हणायचे. "हितनं पुढं मला म्हाईत हाय." आणि मला बंद करायचे. त्यांचा हात तेव्हा हळुवार असायचा. दमलेल्या माणसावर पांघरूण घालावं, तसं वाटायचं मला.

पुढे अंकिता मोठी झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्यासाठी लालासाहेबांनी कोइमतूरचं दुकान भाच्यावर सोपवलं आणि ते विट्याला परत आले. अंकिता क्लाससाठी सांगलीला वसतिगृहात राहू लागली. त्याच सुमारास लालासाहेबांनी मोठ्या पडद्याचा फोन घेतला. त्यात नकाशा होता. तो फुकट होता, मराठीत बोलत होता, पुढे गर्दी आहे हेही सांगत होता. मी हे सगळं नाकारत नाही. माझे नकाशे जुने झाले होते, कारण ते नवे करून घ्यायला कुणाला सवड नव्हती. एका सकाळी लालासाहेबांनी मला काचेवरून उपटलं, माझी वायर माझ्याच अंगाला गुंडाळली आणि मला समोरच्या कप्प्यात टाकलं. माझ्या जागी फोनचा स्टँड बसला. निरोपाचा एक शब्दही कुणी काढला नाही.

कप्प्यात माझ्यासोबत जुनी टोलची पावती, वाळलेलं फडकं आणि खोबऱ्याच्या गोळ्यांची पुडी होती. अंधार होता. पण कान उघडे होते, आणि जे दिसलं नाही ते पुढे या तिघांच्या बोलण्यातून कळलं. गाडीत काय चाललंय ते मला सगळं ऐकू यायचं आणि ऐकून माझा जीव जळायचा. फोन बिचारा "पुढे उजवीकडे" म्हणायला तोंड उघडायचा, तोच त्याच्यावर कुणाचा तरी फोन यायचा. लालासाहेब बोलत बसायचे. बोलणं संपेपर्यंत वळण मागे गेलेलं असायचं. मग ते फोनलाच शिव्या घालायचे. मला फोनचा राग नाही, मित्रांनो. एकाच्याच गळ्यात दहा कामं बांधायची आणि एकही धड झालं नाही की त्यालाच नावं ठेवायची, या स्वभावाचा मला राग आहे.

पहिल्या वेळी प्रवेश परीक्षेत अंकिताला थोडे मार्क कमी पडले. तिने आणखी एक वर्ष सांगलीत काढलं. यात्रा नाही, दिवाळीला घरी जेमतेम भाऊबीजेपुरती. या मे महिन्यात तिची दुसऱ्यांदा परीक्षा होती. केंद्र आलं साताऱ्याला. दुपारी दीडला गेट बंद होणार होतं आणि त्यानंतर कुणालाही आत सोडणार नव्हते. वर्षभराची मेहनत त्या एका गेटाच्या आत पोचण्यावर होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सुद्धा माहीत होतं, कारण आदल्या दिवशी लालासाहेब गाडी पुसताना तेच पुटपुटत होते.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. पण औक्षण झालं, मग देवाला नारळ झाला, मग शेजारपाजारची माणसं आली, मग अंकिताला मध्ये उभं करून फोटो झाले आणि ते फोटो लालासाहेबांनी स्टेटसला लावले. तिथेच घात झाला. स्टेटस बघून सगळ्या गोताला कळलं की पोरगी निघाली. गाडी विट्याच्या बाहेर पडली नाही तोच पहिला फोन आला. लोणंदच्या आत्याचा.

कडेगावला रस्त्यावर अंकिताचे मामा उभे होते. आकाराममामा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. हातात दही-साखरेची वाटी. गाडी थांबली. मामांनी भाचीच्या तळहातावर दही ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला. "भिऊ नगंस. पेपर मोकळ्या डोक्यानं सोडव," म्हणाले. ते लालासाहेबांना म्हणाले, "दाजी, पोचला की मला कळवा." आणि मग त्यांना धीर निघेना. कळवायची वाट न बघता तेच फोन करत राहिले.

कराडच्या आधी मामांचा फोन. कराडला पुलाच्या कामात गाडी अडकली तेव्हा आत्याचा. ती सुटली तेव्हा कोइमतूरहून भाच्याचा. त्यानंतर सासुरवाडीच्या भावकीतला कुणीतरी, "स्टेटस बघितलं" म्हणून. प्रत्येक वेळी पडद्यावरचा नकाशा जायचा. प्रत्येक वेळी लालासाहेब स्पीकर लावायचे आणि अंकिताला म्हणावं लागायचं, "व्हय, झालाय अभ्यास. आशीर्वाद असू द्या." तेच वाक्य. शेवटी शेवटी तिच्या आवाजातला जीवच गेला होता.

"पप्पा, आता उचलू नका ना," ती म्हणाली.

"आगं, मानसं मायेनं करत्यात. न्हाई उचलला तर काय म्हनतील?"

"मला रस्ता बघू द्या. तो बोलतोय ते ऐकूच येत न्हाई."

मागून हरणाबाई म्हणाल्या, "मामाचा तरी उचला. त्यानं सकाळपास्नं पोरीपायी पाण्याचा घोट घेतला न्हाई."

मी कप्प्यात होते. मला ओरडावंसं वाटत होतं. हरणाबाई, आठवा की. तुम्हीच नियम केला होता. फोन मांडीवर घ्या आणि सांगा, ते गाडी चालवत्यात. पण फोन त्यांच्या मांडीवर येणार कसा? फोनच रस्ता दाखवत होता. तो काचेवर, सगळ्यांच्या समोर, लालासाहेबांच्या हाताशी अडकवलेला होता. हरणाबाईंचा स्वतःचा साधा बटणांचा फोन विट्याला देवघरापाशी चार्जिंगला राहिला होता.

सातारा आला. उड्डाणपुलाच्या अलीकडे डाव्या हाताला उतरून खालच्या रस्त्याने जायचं होतं. फोन ते सांगणारच होता. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर आकाराममामांचा फोटो आला, फौजेच्या वेषातला, छातीवर पदकं. त्या फोटोखाली अख्खा सातारा झाकला गेला.

"दाजी, कुठवर आलाय?"

"ह्यो काय, साताऱ्यात शिरतोयच."

"टाइम लय कमी हाय. मधी कुठं थांबू नका."

"न्हाई, कुठं थांबतोय? सरळ चाललोय."

आणि ते खरोखरच सरळ चालले होते. गाडी पुलावर चढलीसुद्धा. खालचा रस्ता डाव्या बाजूला खाली राहिला. अंकिता फक्त म्हणाली, "पप्पा, खालनं जायचं हुतं."

पुढे वळायला जागा मिळाली ती लांब. तिथेही रस्त्याचं काम, ट्रकांची रांग. वर मे महिन्याचं ऊन. सकाळपासून काचेमागे तापलेल्या, तासन्‌तास बोलून दमलेल्या फोनने तिथेच डोळे मिटले. मला त्या उन्हात बसायची सवय होती. माझी घडणच त्यासाठी केलेली. लालासाहेब खाली उतरून लोकांना विचारू लागले. एकाने इकडे सांगितलं, दुसऱ्याने तिकडे. मी चुकलेच नसते, असं मी म्हणत नाही. माझे नकाशे जुने होते, मीही एखाद्या नव्या फाट्याला फसले असते. पण मी गप्प बसले नसते. कुणाचाही फोन आला असता तरी मी बोलत राहिले असते.

ते केंद्रावर पोचले तेव्हा गेट बंद झालं होतं. फार नाही, थोड्याच वेळापूर्वी. बाहेर झाडाखाली आईबाप सतरंज्या पसरून बसत होते. लालासाहेबांनी गाडी तशीच उघडी टाकली आणि धावत गेले. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. आयुष्यभर लोकांचं सोनं विश्वासाने हाताळलेला माणूस एका कोवळ्या पोलिसाच्या हातापाया पडत होता. "सायेब, दोन वर्षं हायती तिची. आवं, आत्ताच बंद केलंसा." पोलीस वाईट नव्हता. तो म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं. आतनंच कुलूप हाय."

अंकिता गेटाशी उभी होती. हरणाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. अंकिता रडली नाही. ती गाडीत येऊन बसली, पाण्याची पारदर्शक बाटली मांडीवर धरून. मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या मागून शब्द म्हणणारी ती पोर मला आठवली आणि मला इतका संताप आला की काय सांगू.

तेवढ्यात फोनला थोडा जीव आला आणि तो वाजला. लालासाहेब गाडीशी परतले होते. पडद्यावर पुन्हा छातीवर पदकं लावलेले मामा. कडेगावात उपाशी बसून ते विचारत होते की पोरगी आत गेली का. लालासाहेब फोनकडे बघत उभे राहिले. वाजून वाजून तो बंद झाला. दिवसभरात त्यांनी न उचललेला तो पहिलाच फोन.

परत निघताना अंकिताने डोळे पुसायला काहीतरी शोधत कप्पा उघडला. तिच्या हाताला मी लागले. तिने मला बाहेर काढलं, माझी वायर सोडवली, फोनची वायर उपटून त्या जागी माझी लावली. मग फोन स्टँडवरून काढला आणि कप्प्यात टाकून झाकण लावलं. माझी रबरी वाटी चिकटेना, तेव्हा तिने मला हातातच धरलं. कितीतरी वर्षांनी मी डोळे उघडले. तिने माझ्या पडद्यावरचं विट्याच्या घराचं चित्र दाबलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी हरखून गेले असेन. नाही. कराडला मी म्हटलं, डावीकडे वळा. लालासाहेब वळले. गाडीत चिडीचूप शांतता होती. हरणाबाईंचा नियम आज सगळे पाळत होते. पण तो रस्ता त्यांना पाठ होता. याच मुलखात आल्यावर ते मला म्हणायचे, आक्का, आता तू झोप. घरी जाणाऱ्याला वाट दाखवून मी काय मिळवलं? सकाळी मी कुठे होते? कप्प्यात फोन वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता.

आता पुढच्या वर्षी अंकिता पुन्हा परीक्षेला बसणार आहे. तिने माझे नकाशे नवे करून आणले आहेत आणि माझ्यासाठी नवी रबरी वाटी मागवली आहे. तिचं मी काय भलं करणार ते तेव्हा बघू. मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. जो तुम्हाला वाट दाखवतोय, मग तो माणूस असो, फोन असो की माझ्यासारखी पेटी, त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. आणि तुम्ही कुणाचे मामा असाल, आत्या असाल, तर परीक्षेच्या दिवशी पोरीच्या बापाला फोन करू नका. आशीर्वाद घरी बसून द्या. ती पोचली, पेपर देऊन बाहेर आली, की ती स्वतः फोन करेल.