पुढे जागा आहे

अपघातात कंडक्टरचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला, तोंड मात्र शाबूत राहिलं, आणि त्याचा ताप सगळ्या वॉर्डाला व्हायला लागला. सिस्टर औषधांची गाडी ढकलत आली की हा पलंगावरून ओरडणार, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" नवा पाय बसवायचा, तयार आहात ना, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाला, "मी तर एका पायावर तयार आहे." बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

तिला हसण्यासारखं काही नव्हतंच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावाने शंख. जिना चढता आला नाही तर तिच्या थोरल्या भावाकडे, तळमजल्यावर, कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. तिने भांडीकुंडी बांधायलाही घेतली होती. मेव्हणा माणूस वाईट नव्हता, पण दात घासतानासुद्धा उपदेश करायचा. उरलेला जन्म त्याच्या घरात काढायचा, या कल्पनेनेच कंडक्टर रोज सरावाला सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा.

नव्या पायाचा सराव घेणारी मॅडम वयाने त्याच्या मुलीएवढी आणि शिस्तीला हेडमास्तरीण. "काका, दांडी सोडायची नाही," असं ती रोज बजावायची. पण याचा जन्म गेला धावत्या गाडीत. एका हातात सुटे पैसे, दुसऱ्यात तिकिटं, धरायला तिसरा हात होता कुणाला? एकदा तो दोन दांड्यांच्या मधून छान चालत होता. शेजारच्या पलंगावरच्या सुताराने गंमत म्हणून हाक मारली, "ओ कंडक्टर, एक तिकीट द्या!" आणि याचे दोन्ही हात सवयीने दांड्या सोडून खांद्यावरच्या पिशवीकडे गेले. पिशवी कुठली असायला! काका धाडकन जमिनीवर.

हाड वाचलं, पण सगळं अवसान गळालं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सुतार माफी मागून मागून थकला. शेवटी सिस्टरच म्हणाली, "काका, आज गाडी बंद का?" त्याने चादर डोक्यावर ओढली. बायको डबा घेऊन आली तेव्हा तो एवढंच बोलला, "मला भीती वाटते गं."

"मला नाही वाटत होय?" ती म्हणाली. "पण तुम्ही गप्प बसलात की जास्त वाटते."

ती गेल्यावर त्याने बराच विचार केला. रडून पाय परत येणार नव्हता. भीतीही कुठे जाणार नव्हती. ठीक आहे, बसू दे तिला मागच्या सीटवर, पण घंटीची दोरी तिच्या हातात द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच वॉर्डात आरोळी घुमली, "पुढे सरका!" सुताराने आनंदाने उशी उडवली.

परीक्षा दवाखान्याच्या जिन्यावर होती, घरच्यासारखेच तीन मजले. मागे मॅडम, तिच्या मागे बायको आणि सर्वांत शेवटी मेव्हणा. "मी सांगतो ऐका, उगाच हट्ट..." मेव्हण्याने सुरुवात केली.

"चालत्या गाडीत भांडण नको," म्हणून कंडक्टर कठडा धरून चढायला लागला. पहिला मजला आला. दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता. "लेकुरवाळ्यांनी आधी उतरा!" त्याने पुकारलं आणि आतून हशा ऐकू आला. पुढच्या वळणावर मात्र चांगला पाय लटलटायला लागला. घामाने सदरा भिजला. मॅडमने खुर्ची मागवायला तोंड उघडलं.

"गाडी गरम झालीय," तो धापा टाकत म्हणाला. "थोडी थांबेल. फेरी रद्द नाही."

त्याने डोळे मिटले, दम घेतला, डोळे उघडले. एक पायरी. मग आणखी एक. शेवटची पायरी चढला तेव्हा तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मॅडमने शिस्त गुंडाळून ठेवून त्याला मिठी मारली.

बऱ्याच वेळाने मेव्हणा वर पोचला, कठड्याला लटकत, तोंडातून शब्द फुटेना.

"दादा," बायको म्हणाली, "आम्ही काही तुझ्याकडे येत नाही. आता तूच वर येत जा. जिना कसा चढायचा ते हे शिकवतील तुला."