बारशाची ब्लू-रे

नव्याच्या पाठीमागे उभं राहून अनुषानं पुन्हा टाळी वाजवली. दहा महिन्यांची पोर लाकडी चमचा चोखत होती, ती चोखतच राहिली.

"किती टाळ्या पिटशील?" सासूबाई गौराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जन्मापासूनच तसं असेल ते."

"नाही हो आई. तापाच्या आधी ऐकायची ती."

डॉक्टरांचा प्रश्नही तोच होता. मेंदूच्या तापानं कान गेले असतील तर ते आतून हाडानं बुजत जातात, मग ऑपरेशनला उशीर चालणार नव्हता. उद्या येताना तापाआधीचा एखादा व्हिडिओ आणा, म्हणाले होते. अनुषाचा जुना फोन तर हॉस्पिटलच्या धावपळीतच हरवला. उरलं होतं ते चौथ्या महिन्यातलं बारसं, आणि तेही चुलतसासरे दामोदररावांच्या ब्लू-रे डिस्कवर. दसऱ्याची बन्नीमंटपातली मशालींची कवायत टिपायला हौसेनं घेतलेला कॅमेरा घेऊन ते बारशात मिरवले होते. "मोबाईल खाली ठेवा ग सगळ्यांनी, माझ्या फ्रेममध्ये नकोत!"

"काका, मूळ चित्रण आहे ना हो तुमच्याकडे?" तिनं फोनवर विचारलं.

"अय्यो, ते पुसलं की. डिस्क दिली ना तुला? एक नंबर क्वालिटी आहे, नोडु, बघच तू!"

क्वालिटी घेऊन काय करायचं? लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नव्हती. नवरा रघु सकाळी विजयनगरातली दुकानं पालथी घालून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह ठेवून गेला, तर लॅपटॉप म्हणे, ही डिस्क चालणार नाही. तिनं लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, ती सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल."

"पुढचा म्हणजे कधी?"

"सांगता येत नाही, मॅडम."

"अहो, ब्लू-रे निघून जमाना झाला! माझी पोर शाळेत जाईपर्यंत देणार आहात का?"

पलीकडे संगीत सुरू झालं.

शेवटी कुठलासा फुकटचा प्लेअर उतरवून घेतला, आणि चित्र आलं. आवाज मात्र नाही. काहीही दाबलं तरी नाही. अनुषाला हुंदका आवरेना. ऐकण्याचाच पुरावा हवा, आणि डिस्क मुकी!

पडद्यावर नव्याची सरगूरची आत्या, वनजा, पाळण्यात वाकली. ओठांचा चंबू झाला, कुर्र्र झालं असणार. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. नव्याच्या पापण्या लवल्या.

"ते फुंकरीनं ग," गौराबाई मागे येऊन उभ्या होत्या.

अनुषा बंद करायला वाकली, तेवढ्यात पडद्यावरच्या सगळ्या बायकांच्या माना एका झटक्यात स्वयंपाकघराकडे वळल्या. पाळण्यातले दोन डोळेही त्याच क्षणी तिकडेच वळले. ओठ मुडपला, आणि पोरीनं भोकाड पसरलं.

"थांब," गौराबाई म्हणाल्या. "खिरीचं पातेलं. माझ्याच हातून पडलं होतं ते, आत."

अनुषानं पुन्हा लावलं. पुन्हा माना, पुन्हा डोळे.

"ऐकलं होतं ग हिनं," गौराबाई म्हणाल्या.

अनुषाचं म्हणणं खरं ठरलं होतं. म्हणजे तापानंच नेलं. म्हणजे रोज थोडं थोडं हातचं जात होतं.

तिनं पडद्याचं चित्रण फोनवर घेऊन डॉक्टरांना पाठवलं. ब्लू-रेची क्वालिटी कुठल्या कुठे गेली, पण डोळे वळलेले दिसत होते.

उत्तर लगेच आलं. उद्या नको, आत्ता या.

तिनं हॉस्पिटलची फाइल शोधेपर्यंत गौराबाई नव्याला कडेवर घेऊन अनवाणीच फाटकापाशी पोचल्या होत्या, आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र्र करत होत्या.