जाताना म्हणायचा शब्द

लेखी परीक्षेत मला शंभरापैकी एक्क्याण्णव गुण मिळाले आणि तोंडीत चौतीस. पास व्हायला दोन्हींत साठ लागतात. निकालाच्या कागदावर परीक्षक बाईंनी खाली लिहिलं होतं, ‘शब्दसंग्रह उत्तम. संभाषणाचा शेवट विसंगत.’ पहिलं वाक्य कळलं. दुसरं कळलं नाही, आणि ते जाऊन विचारण्याइतकी भाषा येत असती तर चौतीस कशाला मिळाले असते?

मी बावीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम केलं. नवरा गेल्यावर लेकीकडे, या देशात, राहायला आले. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुने तपासून नोंदवून घेण्याची एक जागा होती. माझी कागदपत्रं त्यांना पसंत पडली. फक्त इथली भाषा बोलता येते असा दाखला हवा होता. तोंडी परीक्षा दोनदाच देता येते, आणि माझी एक खेप वाया गेली होती.

पुन्हा वर्गात नाव घातलं. शिकवणारे सर वाक्य संपलं की टेबलावर बोट आपटत, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना पूर्णविराम म्हणत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक फॉर्म वाटला. काही विद्यार्थी भाषेत पुढे का जातात आणि काही का अडकतात, याचा कुणीतरी अभ्यास करत होतं. वय किती, शिक्षण किती, घरी रोज किती तास अभ्यास करता, चुकायची भीती वाटते का, असे चौदा प्रश्न होते. सहाव्या प्रश्नापर्यंत माझी बाजू चांगली भक्कम होती. वय सोडलं तर.

माझ्या शेजारी गाड्या धुण्याच्या सेंटरवर काम करणारा एक माणूस बसायचा. शाळा आठवीपर्यंत, अभ्यास शून्य तास. व्याकरणाचा सगळा आनंदीआनंद. ‘काल मी उद्या येतो’ असलं काहीतरी तो बिनधास्त बोलायचा, लोक हसायचे आणि उत्तर द्यायचे. तोंडी परीक्षेत त्याला ब्याऐंशी होते, अडला होता तो फक्त लेखीत. एकदा मला म्हणाला, “बाई, तुम्ही वाक्याला इस्त्री करत बसता. तोवर ऐकणारा निघून जातो.”

सातवा प्रश्न असा होता : काल वर्गाबाहेर ही भाषा तुम्ही किती मिनिटं बोललात?

अंदाजपंचे आकडा लिहिणं माझ्या हातून होत नाही. मी तेवढी जागा कोरी ठेवली, फॉर्म दोन आठवड्यांनी देते म्हणून सांगितलं आणि घरी येऊन मोजायला लागले. स्वयंपाकघरातला टायमर खिशात घालून हिंडायचे. बसवाल्याशी बोलले की चालू, बोलणं संपलं की बंद. सात दिवसांची सरासरी दीड मिनिट आली.

पण नुसत्या एका आकड्याला अर्थ नसतो, तो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. म्हणून मी वहीत शेजारी दुसरा रकाना आखला, मराठीचा. तो भरून वाहील अशी माझी खात्री होती. घरात माझ्याशिवाय तीन माणसं, तिघांनाही मराठी येतं. सरासरी चौदा मिनिटं निघाली. त्यातली अकरा फोनवर ताईशी.

मी टायमरचा सेल बदलून बघितला.

कुणी वाईट वागत नव्हतं. लेक सातला घरी यायची ती दिवसभर बोलून थकलेली. जावई भला माणूस, माझ्या ताटात आधी वाढायचा आणि मग मोबाइलमध्ये वाचत जेवायचा. नात नऊ वर्षांची, मराठी कळतं पण उत्तर इथल्या भाषेत. मी त्या भाषेत काही बोलायला गेले की, “आजी, तसं नाही म्हणत,” एवढं म्हणून आपल्या खोलीत जायची, दार हळू लावून. एकदा ताईने फोनवर विचारलं, आवाज बसलाय का गं तुझा? सर्दी झालीय म्हणाले.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका म्हाताऱ्या बाईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. मी लेकीचा स्कर्ट, नातीच्या जाकिटाची चेन असं काहीबाही घेऊन जायची. बाईच्या तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे ती बोलत नसे, आणि ते मला सोयीचं होतं. कपडा द्यायचा, दिवस विचारायचा आणि निघताना इथल्या भाषेत म्हणायचं, “मी येते.” टायमरवर चाळीस सेकंद.

पाचव्या खेपेला तिने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि मनगटावरच्या छोट्या गादीत टोचल्या.

“तुम्ही खोटं का बोलता?” ती म्हणाली.

मला वाटलं, मी भलताच शब्द वापरला.

“दर वेळी म्हणता, मी येते. मी खुर्ची रिकामी करते. चहा दोघींचा टाकते. तुम्ही आठवडाभर फिरकत नाही.”

मशीनपलीकडे एक खुर्ची होती. पहिल्यांदा तिच्यावर कपड्यांचा ढीग असे, नंतर तो जमिनीवर दिसू लागला होता. ते मी बघितलं होतं. आवराआवर केली असेल, एवढंच वाटलं होतं.

मग मी तिला समजावून सांगितलं. इस्त्री न करता, जसं येईल तसं. आमच्या भाषेत निघताना जाते म्हणत नाहीत, ते अशुभ वाटतं. येते म्हणतात.

“आणि खरंच येणार असलात तर काय म्हणता?”

“तेव्हाही येते.”

“मग मागे राहणाऱ्याला कळतं कसं?”

“कळत नाही,” मी म्हणाले. “वाट बघायची.”

“मी तेच करत होते,” ती म्हणाली, आणि किटली ठेवायला उठली.

चहा होईपर्यंत मला ते ‘संभाषणाचा शेवट विसंगत’ही उलगडलं. परीक्षक बाईंनाही मी दारातून “मी येते” म्हणून आले होते. बिचारीने दार किती वेळ उघडं ठेवलं असेल कुणास ठाऊक. मी एकटीच हसायला लागले, मग शिवणबाईला का हसते ते सांगावं लागलं. तो दिवस एकवीस मिनिटांचा होता.

त्यानंतर मी रोज दुपारी जाऊ लागले. जुन्या शिवणी उसवायचं काम तिने माझ्याकडे दिलं. हात गुंतलेले असले की जीभ सैल सुटते, हे मला लॅबमध्येही माहीत होतं. सुई टोचताना मी पेशंटला मुद्दाम प्रश्न विचारायची. शिवणबाई माझ्या चुका सुधारत नसे. वाक्य अर्ध्यात अडलं तर कात्री खाली ठेवून थांबायची.

दुसऱ्या परीक्षेला त्याच परीक्षक बाई होत्या. एक चित्र दाखवलं, मी त्यावर बोलले, दोनदा चुकले, पुढे गेले. शेवटी उठले. त्या पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. शकुन-अपशकुन मी मानत नाही, पण माझी जीभ मानते. “मी जाते,” मी त्यांच्या भाषेत म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यापाशी थोडा वेळ उभी राहिले.

त्रेसष्ट.

पूर्णविरामांनी तोच फॉर्म पुन्हा भरून मागितला. सातव्या प्रश्नापुढे मी बावन्न लिहिलं. दुसऱ्या रकान्याला त्या फॉर्मवर जागा नव्हती. तो माझ्या वहीत होता. चौदा.

दाखला हॉस्पिटलात दाखवला, जागा पक्की झाली. संध्याकाळी घरी सांगितलं. लेकीने मिठी मारली, जावयाने अभिनंदन केलं, रविवारी बाहेर जेवायला जायचं ठरलं. नातीने हॉस्पिटल हा शब्द मी कसा उच्चारते ते ऐकलं आणि ठीक आहे म्हणाली. सोमवारपासून सकाळी सहा ते दोन ड्यूटी होती. मग लेकीची मीटिंग सुरू झाली. मी चपला घातल्या.

“येते गं,” मी म्हणाले.

तिच्या कानात हेडफोन होते. तिने न बघता हात वर केला. मी दारात जरा थांबले, आणि खाली गेले.

खुर्ची रिकामीच होती. शिवणबाईला गुण सांगितले, ड्यूटी सांगितली. तिने मान डोलावली. एक बाही उसवून झाली, चहा झाला. दुकान बंद करायची वेळ झाली तशी मी उठले आणि इतके महिने शिकून पुन्हा तेच बोलून गेले, “मी येते.”

तिने टाचण्या तोंडातून काढल्यासुद्धा नाहीत.

“किती वाजता?”

“सव्वादोन,” मी म्हणाले.