न वाचता म्हटलेलं 'होय'

चर्चच्या पाळकसाहेबांना आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याला कारण त्यांचा सख्खा जावई. बरं, वाईट म्हणावा तर तसंही नाही. चष्म्यांचं दुकान नेकीनं चालवणारा, सासऱ्याला जीव लावणारा माणूस. खोड एकच, इंटरनेटवर सगळं मुळापासून वाचायची. चर्चच्या मंडळीनं त्याला 'वडील', म्हणजे कारभार पाहणारा पंच, म्हणून निवडलं, तेव्हा त्यानं साधीच मागणी केली, "बाबा, ज्याला 'होय' म्हणायचंय तो मतांगीकार वाचायला द्या ना."

मतांगीकार म्हणजे मंडळी काय मानते, त्याची कलमवार मांडणी. नवा वडील नेमताना साहेब सगळ्यांसमोर विचारत, "वाचलात? मान्य आहे?" तो "होय" म्हणे आणि वहीत सही करी. एकतीस वर्षांत अकरा जण असे 'होय' म्हणाले होते. मंडळीची एकुलती एक प्रत मात्र वाळवीनं केव्हाच फस्त केली होती. खुद्द साहेबांनीही रुजू होताना न वाचताच सही ठोकली होती. सवडीनं वाचू म्हणाले, आणि ती सवड काही आली नाही.

"नुसती रीत असते हो, जावईबापू," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण जावई कसला ऐकतोय! धर्मशिक्षणाच्या कुठल्याशा दूरच्या कॉलेजानं जुनी छापील प्रत स्कॅन करून ठेवली होती, ती त्यानं दोन दिवसांत हुडकली. काचा घासता घासता तिच्यावरची व्याख्यानंही ऐकली. मग फोन केला, "बाबा, बारावं कलम तुम्ही कसं समजता?"

"खोल आहे ते," साहेब घाम पुसत म्हणाले.

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, किती खोल ते बघितलंत का कधी?"

शनिवारी साहेब डोळे तपासायला दुकानात गेले. जावयानं त्यांच्या नाकावर जड चौकट चढवली, भिंगं बदलली आणि जवळचं वाचायला एक छापील कागद दिला. ते बारावं कलम होतं. 'देवानं ज्याला आपलं म्हटलं, त्याला मरणही परकं करू शकत नाही.'

साहेब थबकले. हेच तर ते प्रत्येक कबरीच्या काठावर, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून, आपल्या मोडक्यातोडक्या शब्दांत सांगत आले होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

"अंधूक दिसतंय का, बाबा?"

"नाही. पहिल्यांदा वाचतोय मी हे."

जावयानं त्यांच्या नाकावरची चौकट उतरवली. मग त्यानं बाकीची पानं पिन मारून त्यांच्या हातात ठेवली. "मी कुणाला सांगणार नाही. उद्या तुम्ही विचारा, मी 'होय' म्हणेन."

झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण रविवारी जावई समोर उभा राहिला आणि साहेबांच्या तोंडून तो प्रश्न काही फुटेना. शेवटी त्यांनी सगळं सांगून टाकलं. स्वतःची सही, वाळवी, सगळं. "काल दुपारी बसून पहिल्यांदा पुरता वाचला. पटला. पण एकतीस वर्षं मी तुम्हाला फसवलं. मंडळी म्हणेल तर आजच पद सोडतो."

पहिल्या बाकावरून सर्वांत म्हातारे वडील, निवृत्त कंपाउंडर, काठी टेकत उठले.

"सोडून जाता कुठे? आम्ही अकराही खोटंच बोललो होतो की! पहिल्या कलमापासून वाचा, साहेब. आणि जरा मोठ्यानं वाचा. या खेपेला ऐकून 'होय' म्हणायचंय."